न पाहिलेला तळपाय

आमच्या घरात आजही सांगतात, की आई डॉक्टरांचं न ऐकता अनवाणी देवळात जायची, म्हणून तिचं पाऊल गेलं. हे खरं नाही. ती गोष्ट मीच पसरवली. आता एकेकाला सांगत बसायला दम पुरत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

निजामाची अमदानी होती. मी घाटनांदूरला मास्तर होतो. आईच्या लघवीला मुंग्या लागू लागल्या, तेव्हा तिला बैलगाडीत घालून मोमिनाबादला, म्हणजे आताच्या अंबाजोगाईला, दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते, दखनी बोलायचे. मधुमेह आहे म्हणाले. मग आईला म्हणाले, "माँजी, आँखां मूंदो. मैं पाँव कू हाथ लगाया तो बोलना."

आईने डोळे मिटले. डॉक्टरांनी कोंबडीचं पीस तिच्या टाचेवरून फिरवलं, मग बोटांनी दाबलं. आई तशीच बसलेली. शेवटी वैतागून म्हणाली, "अवो, लावा की हात! कवाची बसलेय."

मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. "काँटा चुभा तो बी इनकू नै समजता," ते मला म्हणाले. "रोज शाम कू तलवे धोना, पोंछना, उँगलियां के बीच में देखना. आँखां तुमारी, पाँव इनका." आईने बाहेर अनवाणी जायचं नाही, आणि पाय पाहिले की भिंतीवर एक रेघ ओढायची, म्हणजे विसर पडत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

खाण्यापिण्याचं पथ्य बायकोने सांभाळलं. गूळ बंद, भात बंद, ज्वारीची भाकरी मोजून. पाय माझ्याकडे. पहिले दोन महिने मी ते नीट केलं. मग कंटाळलो. दिवसभर पोरांकडून उर्दूचे धडे घोकून घ्यायचे आणि घरी आल्यावर आई पाय धुऊन उंबऱ्याशी बसलेलीच. तळव्यावर रोज तेच, भेगा आणि मळ. एका संध्याकाळी मी नुसतीच रेघ ओढली. काही बिघडलं नाही. मग रोजच तसं होऊ लागलं.

"बघितलंस का रे?" ती विचारायची.

"बघितलं."

"लई लवकर बघतोस आताशा," म्हणायची आणि पाय आत घ्यायची.

असे वीसेक दिवस गेले. मग बायकोला सारवलेल्या जमिनीवर आईच्या पावलाचे ओले डाग दिसले. वास येत होता. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, सरपणातला असावा. भोवतालचं मांस काळं पडलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कित्ते दिन से नै देखे?"

मी म्हणालो, "रोज बघतो, साहेब. पण ही ऐकत नाही. अनवाणी देवळात जाते."

खरं तर ती देवळाच्या पायरीपर्यंत वहाणा घालूनच जायची. बाकावर बसलेल्या आईने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. ती डॉक्टरांना म्हणाली, "व्हय, जाते. चुकलंच माझं."

घोट्यापासून पाऊल कापलं. त्यानंतर ती वर्षभर जगली, बाजेवरच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. सांगता सांगता माझ्याच जिभेला ते खरं वाटायला लागलं. आईने कुणापुढेही मला खोटं पाडलं नाही. आम्ही दोघेच असताना मात्र ती माझ्याशी फारसं बोलायची नाही. मीही शेजारी बसायचं टाळायचो.

गेल्या महिन्यात धाकटी बहीण तेलगावहून आली होती. तीही आता थकली आहे. जेवताना माझ्या सुनेला तीच गोष्ट सांगायला लागली, म्हातारी कशी हट्टी होती ते. सून आत गेल्यावर मी बहिणीला सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलंय तसंच. वाटलं, शिव्या देईल. तिने ताट बाजूला सारलं.

"दादा," ती म्हणाली, "मी माहेरी आले तवा तिला काय बोलले, ठावं हाय का तुला? देव काय पळून चाललाता का, म्हनलं. बस आता खाटंवर, म्हनलं. चार बायांत."

"ती काय म्हणाली?"

"भिंतीकडं तोंड केलं."

मग ती बराच वेळ रडली. मी पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती परत गेली.