अंगणात दगड नको

माझ्या सासूबाई घरात झोपत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे मुक्कामाला आलेला प्रत्येक पाहुणा जेवणं झाली की मला बाजूला घेऊन हेच विचारतो, आणि सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलंय. साखराबाईंची बाज अंगणात असते. उन्हाळ्यात उघड्यावर, पावसाळ्यात पत्र्याच्या छपरीखाली, थंडीत दोन वाकळा पांघरून. किल्लारीचं जुनं गाव भूकंपात पडलं तेव्हापासून हे असंच आहे. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाटलं, नवी सून आली म्हणून बाईंनी खोली मोकळी केली. कसलं काय!

गणपती बुडवून गाव झोपलं होतं ती रात्र. माझी नणंद तनुजा तेव्हा अंगावर पिणारी, तापानं किरकिरत होती. घरातल्यांची झोपमोड नको म्हणून सासूबाई तिला घेऊन अंगणात आल्या आणि तिथंच वाकळ टाकून पडल्या. पहाटे घर बसलं. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाच्या मातीचं ओझं. आत सासरे विरूपाक्ष आणि थोरली लेक तारामती होती. माझे यजमान रामलिंग लहान होते, मामाकडे उमरीला शिकायला होते, म्हणून वाचले. 'दोघं झोपेतच गेले, काही कळलं न्हाई त्यायला,' एवढं सासूबाईंनी पोराला सांगितलं आणि तो विषय कायमचा मिटवला. तारामतीचं तर नावसुद्धा आमच्या घरात निघत नाही.

पुनर्वसनात मिळालेलं घर लहान आणि अंगण मोठं. ते अंगण म्हणजे सासूबाईंचा संसार. दर सोमवारी पहाटे उठून सगळं शेणानं सारवायच्या. त्यांच्या बोटांच्या कमानी अशा एकसारख्या पडायच्या, की त्यावरून चालायला जिवावर यायचं. मग गेल्या श्रावणात त्याच अंगणातल्या चिखलात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर आला नाही. सारवण आलं माझ्या गळ्यात. आठवडाभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांपुढे घसा फोडायचा आणि रविवारी गुडघ्यावर बसून अंगण सारवायचं. सासूबाई बाजेवर बसून सूचना द्यायच्या. "उज्वला, कमानी एका अंगाला कलू दे. तुझ्या धा दिशेला पळून राहिल्या."

एकदा शाळेतून आले तर त्यांनी डाव्या हातानं अर्धं अंगण सारवून ठेवलेलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच बादली उचलली आणि भसाभस पाणी ओतून सगळं धुऊन काढलं. म्हणाल्या, "नीट न्हाई झालं." शेण गेलं, पाणी गेलं, वर पुन्हा तोच चिखल. मी इतकी वैतागले, की रामलिंग लातूरच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत दारातच उभी राहिले आणि सांगितलं, "अंगण पक्कं करायचं. आता एक दिवस थांबायचं नाही."

थांबावं लागलंच. गावातला मिस्त्री कोबा करून द्यायला एका पायावर तयार होता, पण त्यानं स्वतःच्या अंगणाला असा उतार दिलाय की पावसाचं पाणी त्याच्याच स्वयंपाकघरात जातं. टाइल्स ओल्या पायाला घसरतात. मग कुणीतरी छापाचं काँक्रीट सुचवलं. ओल्या काँक्रीटवर रबरी साचे ठोकून नक्षी उठवतात, रंग देतात, पायाला खरखरीत लागतं आणि दिसायलाही छान. लातूरचा सत्यम हे काम करतो असं कळलं. त्याला फोन केला की तो म्हणायचा, "उद्या येऊलालो, मॅडम." हा त्याचा उद्या काही उगवेना. मामा वारले, गाडी पंक्चर झाली, कामगार लग्नाला गेले, पुन्हा मामा वारले. मी विचारलं, "तेच मामा का?" तर म्हणाला, "न्हाई, धाकटे."

शेवटी एका रविवारी आला. पोरगा तसा गोड बोलणारा. सासूबाईंच्या पाया पडला, चहा घेतला, फोनवर फोटो दाखवले. सासूबाईंना त्यातलं काही दिसलं नाही. त्यांनी एकच अट घातली.

"दगड नको."

"आजी, दगड कशाचा? सगळं काँक्रीट हाय. एक दगड दिसला तर माझं नाव बदला."

सासूबाईंचं समाधान झालं. मी पिंपळपानांचा छाप निवडला, त्यानं मान डोलावली, आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

काम चालू असताना अंगणात पाय ठेवता येणार नव्हता, म्हणजे सासूबाईंची बाज कुठं टाकायची हा प्रश्न. घरात त्या झोपणार नव्हत्या. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. मी त्यांना घेऊन हदगावला तनुजाकडे गेले. इतक्या लांबचा एसटीचा प्रवास, त्यात सासूबाई गाडीत काही खात नाहीत आणि दुसऱ्यालाही खाऊ देत नाहीत. तिकडेही त्यांची बाज अंगणातच. तनुजाच्या सासरचे आता काही विचारत नाहीत, शिकलेत बिचारे. दोन दिवसांनी रामलिंगचा फोन आला. "मायला सांगू नको, पण मी काहीतरी खास करून राहिलोय." माझे यजमान वर्षाकाठी मोजून चार वाक्यं बोलणारे. त्यातलं एक आनंदाचं निघालं तर कोण मोडता घालणार? मी हो म्हणाले आणि झोपले.

परतलो तेव्हा ऊन कलत होतं. जीपवाल्यानं आम्हाला फाटकाशी सोडलं. फाटक उघडं होतं आणि आत माझी पिंपळपानं कुठंच नव्हती. काळ्या दगडांचं अंगण होतं. ओबडधोबड मोठे दगड, त्यांचे टवके, मधल्या सांध्यांत काळोख. इतकं हुबेहूब, की मला वाकून हात लावल्यावर कळलं ते काँक्रीट आहे. सत्यम त्याला वाडा छाप म्हणतो. तो दाखवताच रामलिंगला बापाचं घर आठवलं होतं. उन्हात तापलेल्या दगडांवर अनवाणी उड्या मारायचा तो पोरगा, त्यानं ते घर पडताना पाहिलंच नव्हतं. त्याच्या डोक्यात ते अजून उभं होतं. तेच त्यानं आईला द्यायचं ठरवलं होतं. 'दगड नको' ही अट खऱ्या दगडापुरती, असं त्यानं धरलं होतं.

सासूबाईंनी फाटकातून आत टाकलेला पाय मागे घेतला. मग रस्त्याच्या कडेला तशाच खाली बसल्या.

"माय, काँक्रीट हाय गं," रामलिंग धावत आला. "हात लावून बघ."

"दगड हाय."

"दगडावाणी हाय. आपलं जुनं अंगण आठवतंय का? तसंच केलंय तुझ्यासाठी."

"तुला अंगण आठवतंय, रामलिंग. मला भिंत आठवती."

सासूबाई जमिनीकडे बघत सांगू लागल्या, आवाज चढला नाही की उतरला नाही. "तुजा बाप झोपंतच गेला. तारी न्हाई गेली. आतून हाका मारत व्हती. दिवस वर येस्तोवर मारत व्हती. तनीला वाकळंवर टाकलं आन् एकेक दगड काढून राहिले. असलेच व्हते. एक काढला की वरून दुसरा यायचा. मंग हाका थांबल्या. तरी मी काढतच व्हते."

रामलिंग त्यांच्या शेजारी मातीत बसला. मी दोन्ही पिशव्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं या बाईंच्या बाजेवर मी चिडत आले, पाहुण्यांपुढे लाजत आले, आणि त्या सगळ्या रात्री त्या काय ऐकत पडायच्या, हे मला त्या दिवशी कळलं.

बाज फाटकाबाहेर गेली, रस्त्याच्या कडेला. कारखाना सुरू झालेला, उसाच्या ट्रॉल्या कर्कश गाणी लावून बाजेला घासून जायच्या. सासूबाई आत येईनात, आम्हाला डोळा लागेना. एखादी ट्रॉली जरा कलली असती तर पुढचं बोलायला नको. वर गावाला विषय मिळाला. "सुनेनं बाहेर काढलं का काय?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकून घेतलं. कुणाकुणाच्या तोंडाला लागायचं?

सत्यमचा उद्या पुन्हा सुरू झाला. रामलिंगनं एक दिवस रजा टाकली, लातूरला गेला आणि त्याला स्वतःच्या मोटरसायकलवर मागे बसवूनच आणला. "दादा, सगळे हाच छाप मागूलालेत," असं म्हणतच तो उतरला. मग त्यानं रस्त्यावरची बाज बघितली. रामलिंगनं त्याला थोडक्यात सांगितलं. सत्यम भूकंपानंतर जन्मलेला. त्यानं टोपी काढून हातात धरली आणि वाकून छाप बोटानं चाचपून बघितला.

म्हणाला, फोडायची गरज नाही. छाप खोल नाही, वरून पातळ थर दिला की दगड बुजतील. "पण गुळगुळीत ठेवलं तर आजी पुन्हा पडतील. कोणता तरी छाप लागंल."

"सारवल्यावाणी करता येतं का?" रामलिंगनं विचारलं.

"त्याचा साचा कुठंच न्हाई, दादा. हातानं करावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या माणसांनी थर ओतला आणि रामलिंगनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. सिमेंट हात खातं म्हणून रबरी हातमोजे घातले. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो फळीवर गुडघे टेकून अंगण सारवायला बसला. सासूबाई फाटकाबाहेरच्या बाजेवरून बघत होत्या. पहिल्या दोन कमानी बघूनच त्यांना राहवलं नाही. "बोटं पसर. मनगट फिरव, खांदा न्हाई. एका अंगाला कलू दे." सत्यम मागून घाई करत होता, थर सुकत चालला होता. मी पायरीवर बसून चहा पीत होते. दुसरं कुणीतरी सारवतंय आणि बोलणीही खातंय, हे बघायला मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी छपरीखालचा कोपरा राहिला, बाजेच्या जागेचा. सासूबाई उठल्या. फळीवरून एकेक पाऊल टाकत आत आल्या आणि रामलिंगचा डावा मोजा काढून घेतला.

"आत्या, तुमचा हात," मी सासूबाईंना म्हणाले.

"उजवा गेला. डावा हाय की."

त्या खाली बसल्या आणि डाव्या हातानं कमानी काढू लागल्या. साऱ्या अंगणातल्या कमानी एका बाजूला कलत होत्या, या दुसऱ्या बाजूला. मला ती बादली आठवली. आता पुसणार, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून, म्हणून मी कप खाली ठेवला.

सासूबाई हात उचलून बघत बसल्या. मग म्हणाल्या, "तारी डावरी व्हती. तिच्या कमानी अशाच उलट्या पडायच्या. लई रागं भरायची मी तिला. पुसून पुन्हा काढायला लावायची."

रामलिंग फळीवरून वाकला. "पुसू का, माय?"

"ऱ्हाऊ दे."

"आजी, बघा बरं," सत्यम म्हणाला, "संध्याकाळपर्यंत कडक होईल. मंग कितीबी पाणी टाका, जाणार न्हाई."

"हाव," सासूबाई मान डोलावून म्हणाल्या आणि मोजा काढून रामलिंगच्या हातात दिला.

अंगण वाळल्यावर त्यांची बाज परत छपरीखाली आली. त्यांनी ती नेहमीच्या जागेपासून हातभर सरकवून घेतली, तेवढा कोपरा पायाखाली येऊ नये म्हणून.