नवऱ्याचं अर्धं गाणं

माझी सवत म्हणजे एक गाणं आहे. बाई असती तर वेणीला धरून घराबाहेर काढली असती. गाण्याला वेणी नसते, त्यामुळे मी नुसतीच जळत राहिले.

नवरा बेळगावकडचा. डॉक्टरकी शिकला युक्रेनमध्ये, पोल्ताव्याला, आणि आता बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कामगारांना तपासतो. मी राजाजीनगरची. आमचे पूर्वज कधी काळी तलवारी घेऊन इकडे कन्नड मुलखात आले आणि इथलेच झाले; आमच्या मराठीत निम्मे शब्द शेजाऱ्यांचे असतात. आमच्यात एक रीत आहे. बारसं असो की साठीशांत, जेवणं उरकली की प्रत्येकाने काहीतरी म्हणायचंच. माझा मावसभाऊ तर फुटक्या नरड्याने म्हणतो, पण म्हणतो. "जावईबापू, स्वल्प तुम्हीपण म्हणा की," असा आग्रह सुरू झाला की माझा नवरा तोंडात विडा कोंबतो आणि मान हलवतो. त्याला येत नाही. लग्नानंतर न्हाणीघरातसुद्धा त्याने कधी एक ओळ गुणगुणली नव्हती. मीही समजले, येत नसेल. सगळ्यांना सगळं कुठे येतं?

मग त्याच्या वर्गमित्राने देवनहळ्ळीला घर बांधलं. या मित्राची बायको तिकडचीच, युक्रेनची. सासूच्या हाताखाली राहून ती कन्नड इतकी छान बोलते की मी पहिल्या दिवसापासून तिला अक्काच म्हणते. महिन्यातल्या एका रविवारी तिच्याकडे तिकडची माणसं जमतात. कुणाची बायको, कुणी कंपनीत काम करणारं, आणि युद्ध सुरू झाल्यापासून लेकीकडे येऊन राहिलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या. सगळ्यांनी मिळून बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या करायच्या, त्या पाण्यात उकडायच्या आणि खायच्या.

पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही पिठाला बसवलं. माझी मुरड पाहून बायकांनी हात थांबवले. मी अगदी फुगले होते. तेवढ्यात एका म्हातारीने पारी लाटता लाटता एक ओळ उचलली, शेताच्या पलीकडे कुणाला हाक मारावी तशी, छातीतून. ओळ अर्ध्यावर आली तशा बाकीच्या बायका तीत शिरल्या, आणि त्यांच्या खालून एक जाड, स्थिर आवाज आला. मी वळून पाहिलं. माझा नवरा! हात पिठाचे, डोळे मिटलेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्काला वाटलं, मला आवडलं. ती म्हणाली, "आमच्याकडे ऐकायला कुणी बसत नाही. खोलीत आहात ना, मग गायचं." त्या खोलीत ऐकणारी मी एकटीच होते.

परत येताना गाडीत विचारलं, "तिकडे बरा कंठ फुटतो?"

"तिकडे सगळे असतात की," तो म्हणाला.

आमच्याकडे काय कुणी नसतं? चाळीस माणसं असतात! पण हे बोलले असते तर रडले असते, म्हणून गप्प बसले. त्यानंतरही दर महिन्याला जात राहिले. मुरड घालायची, हसायचं आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत मनातल्या मनात जळायचं. हा माणूस डोळे मिटून कुठे जातो आणि तिथे मला का नेत नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण होतं. नवरा बोम्मसंद्र्याहून परस्पर गेला होता. मी बँकेतून निघाले आणि बस कोंडीत अडकली. पहिली चांदणी दिसली की ते लोक बसतात. मी पोचले तोवर सगळे बसलेले. टेबलाच्या मधोमध गहू, मध आणि खसखशीची थंड खीर. नवऱ्याच्या शेजारी एक खुर्ची रिकामी, तिच्यासमोर ताटली, चमचा, पेला.

माझ्यासाठी जागा धरली होती! इतक्या महिन्यांचा राग एका क्षणात विरघळला. मी झटकन बसले, पर्स मांडीवर घेतली आणि चमचा उचलला.

"उठ," नवरा हळूच म्हणाला. "ती जागा रिकामी ठेवायची असते."

"कुणासाठी?"

"गेलेल्यांसाठी."

विंचू चावल्यासारखी उठले. अक्का म्हणाली, "इरलि बिडि," राहू दे, राहू दे, आणि स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचं स्टूल आणून तिने रिकाम्या खुर्चीच्या अलीकडे ठेवलं. म्हणजे नवरा पलीकडे, मी अलीकडे आणि मध्ये ती ताटली. तो त्या ताटलीकडे ज्या नजरेने बघत होता, तसं माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवेना. मेलेल्यांचाही हेवा वाटतो माणसाला, तिथे कळलं.

"तुझं कोण आहे यात?" मी विचारलं.

"घरमालकीण. तिच्या मागच्या खोलीत राहायचो मी, शिकत होतो तेव्हा. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

"मला नाही सांगितलंस?"

"तू विचारलं होतंस, जेवत का नाहीस. मी म्हटलं, ॲसिडिटी."

आठवलं. मी जिऱ्याचं पाणी करून दिलं होतं. माझ्या घरात, माझं जिऱ्याचं पाणी पिऊन या माणसाने कुणाचं तरी सुतक पाळलं आणि मला पत्ता नाही! राग तर आलाच. पण समोर ती ताटली कोरडी होती, आणि तेही मला बघवेना. आमच्याकडे श्राद्धाला गेलेल्याच्या आवडीचं रांधतात. त्याचं पान रिकामं ठेवत नाहीत.

"तिला काय आवडायचं?" मी घुश्शातच विचारलं.

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. "खसखस," तो म्हणाला. "आणि ती बटाटे सोलत असताना कुणीतरी तिच्याबरोबर गायला हवं असायचं. वरचा सूर ती म्हणायची. मला खालचा धरायला लावायची. मला तेवढंच येतं. एकट्याने म्हटलं तर त्याचं गाणं होत नाही, म्हणून तुमच्याकडे..."

मी अक्काकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग मी त्या ताटलीत चमचाभर खीर वाढली, खसखस जास्त येईल अशी बघून. त्यानंतर ते सगळे गायले. मी त्यातून फक्त खालचा आवाज ऐकत राहिले.

परतताना टोलनाका गेला तशी मी म्हटलं, "म्हण."

"काय?"

"तुझा खालचा सूर."

त्याने म्हटला. खरंच, ते गाणं नव्हतं. पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसा तीन-चार सुरांतच फिरणारा घुमारा. यासाठी मी इतकी जळत होते!

"याच्यावर ती काय म्हणायची?"

"ते येत नाही की मला."

"इतकी वर्षं ऐकलंस ना?"

"ऐकताना मी माझं सांभाळत होतो."

म्हणजे म्हातारी आपला अर्धा वाटा घेऊन गेली. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

"पुन्हा धर," मी म्हटलं. त्याने धरला. शब्द तर मला येत नव्हते, मी नुसता 'आ' लावला, त्याच्या वर. हेब्बाळचा पूल चढेपर्यंत माझा सूर कुठेकुठे भटकून आला, दोनदा त्याच्यावर आपटला. त्याने आपला सोडला नाही. शेवटी मीच थांबले.

"तिच्यासारखं होत नाहीये ना?"

"नाही," तो म्हणाला. माझं मन राखायला म्हणूनसुद्धा खोटं बोलला नाही.

मी खिडकीची काच वर केली आणि आधीपेक्षा मोठ्याने 'आ' लावला.