हा बिघाड नाही, हेतू आहे

विझवे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. खोलीतून कोणी बाहेर पडलं की मागोमाग जाऊन दिवा बंद करायची त्याला लहानपणापासून खोड. म्हणून बहिणीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एकदा आत्या आंघोळ करत असताना त्याने बाहेरून दिवा घालवला. आत्याने डोळ्यांत साबण घेऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या तिच्याही होत्या, हे रागाच्या भरात तिच्या ध्यानात आलं नाही.

मोठेपणी विझवेला मनाजोगतं काम सापडलं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यातलं वीज वाचवण्याचं खातं त्याच्याकडे आलं. नोकरी दुसरीकडे, जीव इथे.

नव्या आवृत्तीत त्याने नियम घातला: पाच मिनिटं कीबोर्ड-माउसला हात लागला नाही, तर कॉम्प्युटर आपोआप झोपणार. नको असेल त्याने सेटिंग बदलावं. चर्चेच्या पानावर ‘घुबड’ असं टोपणनाव घेतलेला, कुठल्याशा दूर देशातला एक गृहस्थ खवळला. “माझ्या यंत्राला अंगाई म्हणणारे तुम्ही कोण?” विझवेने लिहिलं, “घराघरांत रिकामी यंत्रं वीज जाळताहेत, त्याचं काय?” दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, पण भांडायचे मात्र सख्ख्या भावांसारखे.

मग तक्रारींचा पाऊस सुरू झाला. विझवेने एक उत्तर तयारच ठेवलं होतं: “हा बिघाड नाही, हेतू आहे. सेटिंग बदला.” एका हातात चहाचा कप धरून तो दुसऱ्या हाताने ते चिकटवत जाई.

एका संध्याकाळी जेवताना बायको त्याला आग्रह करकरून वाढू लागली. ती जनावरांची डॉक्टर. एरवी दमूनभागून आली की दोन शब्द बोलायची नाही. त्याला तेव्हाच संशय यायला हवा होता.

“आज एका मांजराची दाढ काढली,” ती म्हणाली. “एक्स-रे पडद्यावर लावलेला, माझे दोन्ही हात त्याच्या जबड्यात. आणि तुमच्या सिस्टिमचा पडदा काळा!”

“मग माउस हलवायचा.”

“कशाने? नाकाने?”

विझवेने भात कालवायला घेतला.

“नाकानेच हलवला. काचेतून मांजराची मालकीण बघत होती. तिला वाटलं, मला भोवळ आली. तिने बाहेर हंबरडा फोडला.”

“तक्रार करायची ना!”

“मागच्या खेपेलाच केली. तुमच्यातल्या कुणा शहाण्याचं उत्तर आलंय.” तिने फोन काढून ठसक्यात वाचलं, “हा बिघाड नाही, हेतू आहे. सेटिंग बदला.”

विझवेला ठसका लागला. तिने पाणी पुढे केलं, पण नजर काढली नाही.

“सेटिंग शोधलं मी. ‘निष्क्रियता-मर्यादा’ म्हणे! हे बारसं कुणी केलं?”

तेही त्यानेच केलं होतं.

“उद्या येऊन बदलून देतो,” तो पुटपुटला.

“माझं देशील रे. ज्यांचे नवरे तुमच्यात नाहीत, त्यांनी काय करायचं?”

सगळ्यांचं बदलेपर्यंत माझंही तसंच राहू दे, असं तिने बजावलं; दुसऱ्या दिवशी विझवे दवाखान्यात गेला तो माउस हलवायच्या कामावर. एका कुत्र्याच्या मोडलेल्या पायाचा एक्स-रे समोर ठेवून बायको कितीतरी वेळ निश्चल उभी होती. तिला इतकं कामात गढलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच्या नियमाप्रमाणे ती रिकामी बसलेली होती! तो ओशाळला. त्या विचारात त्याचा हात पाच मिनिटं थांबला, पडदा गेला, आणि ऑपरेशनच्या टेबलापासून बायकोचा आवाज आला, “अहो शहाणे!”

त्याने नियम नव्याने लिहिला. बॅटरीवरचा कॉम्प्युटर लवकर झोपेल. वायर लावलेला उशिरा, तोही आधी मंद होऊन. पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोग्राम ‘बघताहेत, जागा राहा’ असं सांगू शकेल. आणि सिस्टिम बसवतानाच सरळ भाषेत प्रश्न येईल: किती वेळाने झोपू? कारण म्हणून त्याने मांजराची हकिकत नाकासकट लिहिली, आणि घुबडाच्या टोमण्यांची वाट बघत बसला.

घुबडाचं उत्तर आलं: “मंजूर. माझी बायको पियानो शिकवते. स्वरलिपी पडद्यावर, हात पियानोवर. तुमच्या पाच मिनिटांत आमचं संगीत आणि संसार दोन्ही बंद पडत होते.”

विझवेने ते बायकोला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

“त्या बाईंना माझा नमस्कार कळव,” ती म्हणाली.