चांदी डोळा उघडते तेव्हा

शिसेकाकांना मी भर प्रदर्शनात भोंदू म्हटलं. ही चूक आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहायला हात धजणार नाही.

काका आमच्या अंबरनाथच्या बुवापाड्यातले. उल्हासनगरच्या एका गल्लीत जुनी चांदी शुद्ध करायचे. चांदीत शिसं घालून भट्टीत तापवायची. शिसं सगळा मळ घेऊन हाडांच्या राखेच्या वाटीत जिरतं, चांदी वर उरते. काका म्हणत, "शिसं म्हणजे घरातली थोरली सून. मळ तिनं काढायचा, कौतुक चांदीचं!" सिंधी मालक घाई करू लागला की ऐकवत, "साईं, आग कोणाच्या बापाची नोकर नाय!"

मी अंबरनाथच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. शाळेच्या प्रदर्शनात मी युरोपातल्या जुन्या कोरीव चित्रांच्या प्रती मांडल्या होत्या. किमयागार, भट्ट्या, मुशी. एका चित्रात भट्टीपुढचा माणूस चेहऱ्यासमोर फळी धरून तिच्या फटीतून बघतोय. खाली मी ऐटीत लिहिलं : 'तोंड लपवणारा भोंदू किमयागार'.

काकांना मीच बोलावलं होतं. चित्र बघून ते ओरडलेच, "मास्तर, हा तर आपला माणूस!" खालची ओळ त्यांनी वाचलीच नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, भट्टीवरची आपली जळकी, फटीची फळी घेऊन आले आणि ती तोंडासमोर धरून चित्राशेजारी उभे राहिले. लोकांनी ओळ वाचली, काकांकडे पाहिलं. मी म्हणालो, "घ्या, अंबरनाथचा भोंदू सापडला!" सगळे हसले. मीसुद्धा.

काकांनी फळी खाली घेतली. "तोंड नाय लपवत तो. डोळे वाचवतोय." एवढंच बोलून गेले.

रात्रभर तळमळलो. सकाळी भट्टीवर गेलो. काकांनी फळी माझ्या हातात दिली. "बघ. पापणी लववू नको."

फटीतून पाहिलं. वाटीत लाल थेंब थरथरत होता. त्यावर रंग धावू लागले, निळे, जांभळे, भराभर, आणि एकदम लख्ख चांदी! "उघडला डोळा!" काका ओरडले. मीही ओरडलो! वीस वर्षं शिकवत होतो, पाहिलं आज!

"काका, चुकलो," मी म्हणालो.

"मला काय सांगतो? हसले त्यांना सांग."

काकांना सोबत घेऊन शाळेत आलो. चित्राखालची ओळ सगळ्यांदेखत फाडली. कालची बरीच मंडळी हजर होती. "चित्रातला हा माणूस भोंदू नाही, कारागीर आहे. काल मी काकांना भोंदू म्हणालो, तेव्हा मला या कामातलं काहीच ठाऊक नव्हतं. काका, मला माफ करा."