काकांच्या डबीतला चुना
तंबाखूला चोळायच्या चुन्याचा वास आला की मला काकांचा कोकम सरबताचा पेला आठवतो. मुलीने रोज एसटीने रत्नागिरीला कशाला जायचं, म्हणून नववीनंतर त्यांनी मला शाळेतून काढलं आणि दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच करायचं ठरवलं. वडील मुंबईला, त्यामुळे घरात शब्द काकांचाच. मला पुढे सायन्सला जायचं होतं, म्हणून रसायनशास्त्राला प्रयोग दिलेलं पुस्तक हवं होतं. त्यांनी प्रश्नोत्तरांचं पातळ गाइड आणलं. “हे घोक नि पास हो. प्रयोग करून काय साबण विकणार आहेस गो?” ओटीवर सरबत पीत ते म्हणाले. मी गाइड उघडलं, तर चुना आम्ल असतो असं त्यात छापलेलं. “हे चूक आहे,” मी म्हटलं. “छापणारा मूर्ख नि तू शहाणी, होय ना?” मी त्यांच्याच डबीतला बोटभर चुना काढून त्यांच्या पेल्यात ढवळला. लाल सरबत बघता बघता शेवाळासारखं काळपट हिरवं झालं. “कोकम आम्लच. चुनाही आम्ल असता तर रंग पालटला नसता,” मी म्हटलं. काकांनी पेला जांभ्याच्या पायरीवर उपडा केला. “आण तुझं पुस्तक. नापास झालीस तर दिवाळीनंतर बोहल्यावर उभी करतो.” मी पास झाले आणि पुढे तीस वर्षं केमिस्ट्रीच शिकवली. काका आता माझ्याकडेच असतात. सरबत दिलं की पेला उजेडात धरून आधी रंग बघतात. बघू देत.