आईला मारून मिळालेले वाचक

दारात आमच्या कॉलनीतल्या काकू उभ्या होत्या. हातात मोठा स्टीलचा डबा, डोळे रडून सुजलेले. ऑक्टोबरातली सकाळ, साडेनऊ वाजलेले, नवरा ऑफिसला गेलेला. मी दार उघडल्या उघडल्या त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला आणि मला घट्ट कवटाळलं.

"पिठलंभात आहे. आज चूल पेटवायची नाही," त्या म्हणाल्या. "लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक असतं. इथे तुला कोण सांगणार, म्हणून आले. एवढं झालं नि कुणाला कळवलंही नाहीस गं?"

मला वाटलं, काकूंच्याच घरी काहीतरी झालंय आणि त्या भ्रमिष्टासारख्या बोलतायत. "काकू, कोण गेलं?" मी विचारलं. धक्क्याने पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, तुझी आई," त्या म्हणाल्या.

माझी आई त्या वेळी माझ्या ओट्यावर होती. मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये. आमचा रोज या वेळेला व्हिडिओ कॉल असतो. तिकडे संगमनेरला संध्याकाळचे सात वाजलेले असतात, ती दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत बसते आणि मी इकडे चहा पिते. "कोण आलंय गं?" तिने आतून विचारलं. काकूंनी तो आवाज लगेच ओळखला. मागच्या उन्हाळ्यात आई इथे होती तेव्हा दोघी रोज संध्याकाळी कॉलनीतल्या तळ्याला फेऱ्या मारायच्या, सुनांच्या कागाळ्या करायच्या. काकू "अगं बाई गं!" म्हणून मटकन पायऱ्यांवरच बसल्या.

हे सगळं ज्या शहाण्यामुळे झालं त्याच्याबद्दल आधी बोलू दे. कारण त्याच्याबद्दल बोलून झालं की मला माझ्याबद्दल बोलावं लागणार आहे.

पुण्यात मी कॉलेजात शिकवायचे. लग्न होऊन इथे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून. कायद्याने एक छदाम कमवायची परवानगी नाही. सकाळी तो डेटा सेंटरच्या त्या बिनखिडक्यांच्या डबड्यात जायचा आणि मी या दोन मजली डबड्यात. वेड लागू नये म्हणून मी मराठीत ब्लॉग सुरू केला. इथल्या थंडीत दही कसं लावायचं, इथल्या पिठाची भाकरी का चिरते, असलं काहीबाही. मनापासून लिहायचे, आणि चांगलं लिहायचे, उगाच विनय कशाला? वाचायचं कोण, तर आई. बाकी चारदोन लोक येऊन जाऊन असायचे, पण आई प्रत्येक लेख वाचायची आणि खाली अभिप्राय टाकायची. "छान. तिखटाचं प्रमाण चुकलं आहे." कौतुक एका शब्दात आणि चूक एका वाक्यात, अख्खा जन्म तिचा हाच हिशोब.

मग कधीतरी वर्क परमिट आलं. मी नाचले अक्षरशः. आणि मग कळलं की इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला कुणी दारात उभं करत नाही. इंटरव्ह्यूला बोलावतात, गोड हसतात आणि तुम्ही मधली वर्षं काय केलंत असं विचारतात. काय करणार? तुमच्याच सरकारने बसवलं होतं की घरी! तेव्हा ठरवलं, ब्लॉगमधूनच कमवायचं. कमी का असेना, पण माझं.

नवऱ्याच्या टीममध्ये एक पुण्याचा मुलगा होता. ब्लॉगिंगमधला एक्सपर्ट, असं नवऱ्याने सांगितलं. त्याला जेवायला बोलावलं आणि मी हुलग्याचे शेंगोळे केले. म्हणजे हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालायचं, हातावर वळून त्याची कडी करायची आणि फोडणीच्या पाण्यात रटरट शिजवायची. आमच्याकडे थंडी पडली की हेच. गडी तीनदा वाढून घेऊन जेवला, बोटं चाटली आणि मग लॅपटॉप उघडून माझी अक्कल काढायला बसला.

"वहिनी, कंटेंट एक नंबर आहे, पण ट्रॅफिकच नाहीये यार. शेंगोळे कोण सर्च करणार?" मग मराठी बंद, इंग्लिशमध्ये लिहा. नाव बदला. काय ठेवायचं? तर 'हाय प्रोटीन इंडियन वन पॉट पास्ता'. पास्ता! माझ्या पणजीपासून आईपर्यंत ज्या बायकांनी हुलगे भरडले त्यांच्या हाताचं हे पास्ता? मी तसं म्हणाले तर तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, इगो बाजूला ठेवायचा." फोटोत स्टीलची ताटली नको, मातीचा बोल हवा. शेजारी कोथिंबिरीची काडी पडलेली हवी. मी विचारलं, तुझा ब्लॉग कशाबद्दल आहे रे? तर म्हणे, ब्लॉगमधून पैसे कसे कमवायचे याबद्दल! म्हणजे हा लोकांना ब्लॉग वाढवायला शिकवतो आणि त्या शिकवण्यावरच ह्याचा ब्लॉग वाढतो. डोंबलाचा एक्सपर्ट. तेव्हाच हाताला धरून बाहेर काढायला हवा होता. मी त्याला आणखी शेंगोळे डब्यात भरून दिले.

सगळ्यात महत्त्वाचं त्याने जाताना बुटांच्या नाड्या बांधताना सांगितलं. "वहिनी, लोकांना रेसिपी नको असते. स्टोरी हवी असते. इमोशन टाका. मी एआयकडून एक ड्राफ्ट करून पाठवतो."

ड्राफ्ट दोन दिवसांनी आला. गुळगुळीत इंग्रजी. दूरच्या देशातली लेक, पहिली थंडी, लसणाचा वास. आणि सुरुवातीलाच एक वाक्य, की आई गेल्यानंतर आज पहिल्यांदाच मी हे करते आहे, तिची चव मला आता कुणीच देऊ शकणार नाही.

आता खरं सांगते. इतके दिवस मी सगळ्यांना हेच सांगत आले की त्या मेल्याने परस्पर लिहिलं, मला पत्ताच नव्हता. नवऱ्यालाही तेच सांगितलं. खोटं आहे ते. मी ड्राफ्ट वाचला होता. ते वाक्य मी दोनदा वाचलं, हे आठवतं. मग म्हटलं, इंग्रजीत तर आहे, आईला इंग्रजी येत नाही. अमेरिकन बायका वाचणार, त्यांना माझी आई कोण आणि कुठली, काय फरक पडतो? ड्राफ्टमध्ये हुलग्याचं पीठ एक वाटी लिहिलं होतं, ते चूक होतं. मी दोन वाटी केलं. आई मेलेली तशीच ठेवली आणि बटण दाबलं.

लेख असा काही पसरला की विचारू नका. रोज सकाळी उठून आकडे बघायचे, ते फुगतच होते. अनोळखी बायका खाली लिहायच्या, तुझ्या आईच्या आत्म्याला शांती लाभो, मी ऑफिसात रडले. आणि मी, निर्लज्ज बाई, प्रत्येकीला उत्तर द्यायचे. थँक यू, शी वॉज वंडरफुल. जाहिरातींचे पैसे पहिल्यांदा माझ्या खात्यात आले त्या दिवशी मी नवऱ्याला बाहेर जेवायला नेलं. ताठ मानेने बिल दिलं. आठवलं की आता स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग कुणीतरी तो लेख इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, बघा आपल्या अ‍ॅशबर्नची मुलगी कुठे पोचली म्हणून. काकूंनी तो रात्री चष्मा लावून सावकाश वाचला आणि सकाळी उठून पिठलं लावलं.

तर काकू पायऱ्यांवर बसलेल्या, डबा माझ्या हातात, आणि आतून आई विचारतेय, "अगं कोण आहे? बोल की!" मी काही करायच्या आत काकू उठल्या, तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि फोन उचलला. "वहिनी! तुम्ही आहात?" त्या ओरडल्या. आई म्हणाली, "अहो, आहे की! कुठे जाणार? बसा ना." काकू एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या. मग माझ्याकडे वळल्या. इतक्या रागावलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. सकाळी देवापुढे दिवा लावताना नाव घेतलं गं मी त्यांचं. लाज नाही वाटली?"

"काय झालंय? मला कुणी सांगेल का?" आई म्हणाली. मी म्हणाले, काही नाही गं, गैरसमज झालाय. तेव्हा काकूंनी स्वतःचा फोन उघडून माझ्यासमोर धरला. "वाच. तुझ्या तोंडाने वाच, मराठीत. त्यांना कळू दे."

मी वाचलं. दुसरा इलाज नव्हता. ओट्याशी उभं राहून, इंग्रजीचं मराठी करत, माझ्या आईला सांगितलं की ती गेली, तिच्यामागे मी पोरकी झाले आणि तिचे हात मला फार आठवतात. तिचे हात समोर स्क्रीनवर दिसत होते, मेथीच्या काड्या खुडत होते. मध्येच ते थांबले. काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, मी संपवल्यावर त्या निघून गेल्या. डबा तिथेच राहिला.

आई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, आमच्यात ते नवीन नाही. तिने विचारलं, "पुष्कळ लोकांनी वाचलं?"

"हो," मी म्हणाले.

"आणि मी जिवंत होते तेव्हाचे लेख? ते कोण वाचायचं?"

मी म्हणाले, तू. ती म्हणाली, "बरं." आणि मेथी राहिलीय म्हणून तिने फोन ठेवला.

मी त्या एक्सपर्टला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो मीटिंगमध्ये होता. शांतपणे म्हणाला, "वहिनी, प्लीज डिलीट करू नका. रँकिंग जाईल. फार तर एडिट करून 'आजी' करा." आजी करा म्हणे! म्हणजे एक म्हातारी मारून चालत नाही तर दुसरी मारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा संताप याचा आला की एक क्षण, फक्त एक क्षण, माझ्या मनाने विचार केला की आजी तर खरंच वारलेली आहे, मग काय हरकत आहे?

लेख काढून टाकला. नवरा संध्याकाळी म्हणाला, "अगं, रागाच्या भरात सगळा काढायची काय गरज होती? एक लाइन बदलायची." त्याच्याशी मी चार दिवस बोलले नाही. आकडे आठवड्याभरात पूर्वीच्या जागी आले. त्या अनोळखी बायकांपैकी एकीलाही मी कळवलं नाही की माझी आई आहे, ठणठणीत आहे, सकाळ-संध्याकाळ मेथी निवडते. त्यांच्या लेखी ती गेली ती गेलीच.

काकूंच्या पाया पडून आले. काकू विरघळल्या, बायका विरघळतात. पण आई विरघळली नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी तिने फोन घेतला, पाऊस किती, गुडघा कसा, सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "एक ऐक. माझ्यावर पुन्हा काही लिहायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. शपथ घे." मी घेतली. तिच्याच गळ्याची घेतली, आम्ही लहानपणी घ्यायचो तशी.

तेव्हापासून ती मला काही सांगायच्या आधी थांबते. परवा मावशीकडे काहीतरी झालं होतं, तिच्या आवाजावरून मला कळलं. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "लिहिणार नाहीस ना?" मी म्हटलं, आई, काहीतरीच काय! मग तिने सांगितलं, पण निम्मंच. मेथीच्या लाडवाचं प्रमाण विचारलं तरी आधी तोच प्रश्न. चाळीस वर्षं जी बाई माझ्याशी धबाधबा बोलली, ती आता पोलिसाशी बोलावं तशी बोलते. कुणी केलं हे? त्या पुण्याच्या दीडशहाण्याला मी अजून शिव्या देते, पण पीठ दोन वाटी मी केलं होतं.

आणि आज हे सगळं मी लिहून काढलंय. मराठीत, म्हणजे तिला वाचता येईल अशा भाषेत. आज सकाळच्या कॉलवर तिने विचारलं, "सध्या काही लिहितेस का गं?"

मी म्हणाले, नाही.