टाच टेकवा, टाच!

माझ्या बायकोइतकी हट्टी बाई अख्ख्या पोशीर गावात झाली नाही, आणि हे मी कौतुकानं लिहितोय. गेली त्या दिवशी सकाळीसुद्धा तिनं मला सोडलं नाही. दोन्ही तळहात पडवीच्या भिंतीला, एक पाय पुढं वाकवलेला, दुसरा मागं सरळ, टाच जमिनीला. चहा नंतर. "अवो, टाच टेकवा, टाच! बगळ्यावानी काय उभे ऱ्हाता?"

हे खूळ तिनं माथेरानवरून आणलं. तिथं ती हॉटेलात चादरी धुवायला होती. कोणी पाहुणी डॉक्टरीणबाई रोज सकाळी व्हरांड्यात पाय ताणायची, ते हिनं चादरी वाळत घालता घालता उचललं. म्हातारपणी पोटऱ्या आखडतात, पाऊल आखूड पडतं, मग माणूस ठेचकाळतो, असं बाई म्हणाल्या. त्यात हिनं आपलं जोडलं, "घोडा बी उटला की आदी पाय ताणतो, मंग चालतो. तुमी घोड्यापरीस शाने?" मी चौथी नापास, लावले हात भिंतीला! शिवाय माझी चाल तेव्हा गेल्यातच जमा होती. विहारात जायचं तर मुलगा मोटरसायकलवर मागं बसवून न्यायचा. ते तिला फार खुपायचं. दर महिन्याला म्हणायची, "येत्या पुनवेला तुमच्या पायानं यायचं. भाताचं पोतं आणल्यावानी नाय."

डॉक्टरीणबाई पाय ताणून तीस आकडे मोजायची. ही आकड्यांत घोटाळा करायची, म्हणून हिनं माप ठरवलं, एका पायाला एक त्रिशरण-पंचशील. म्हणायची तीच आणि टाचेवर नजरही तिचीच. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी माझी टाच हमखास उचलली जायची. "बगा, बरोब्बर हितंच!" शेवटच्या, दारूच्या शीलावर आली की माझ्या तोंडाकडं बघत इतकं सावकाश म्हणायची की पोटरीला आग लागायची. सोडून वीस वर्षं झाली होती, तरी!

आळीतले पाच-सहा म्हातारेकोतारे तिनं असेच भिंतीला लावले. शेजारची काकी म्हणायची, "तुजी बायको मला सरणावर बी पाय ताणायला लावंल रं." मग पुतणीच्या लग्नात व्हायचं ते झालं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण सुरू केलं आणि आमच्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा एकेक पाय आपोआप मागं गेला. नवरा-नवरी बघतच राहिली. ही मात्र हात जोडून, डोळे मिटून पुटपुटली, "काकी, टाच."

त्या दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता ती भिंतीला टेकली, ती टेकलीच. संध्याकाळी स्मशानात मला मोटरसायकलवरूनच नेलं. पंचशील सुरू झालं. मी खाली मान घालून उभा, तर पुढं काकीचा पाय दिसला. मागं गेलेला, टाच जमिनीला. बाजूला आणखी चार. कोणी हसलं नाही. मग माझाही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई चहा घेऊन आली. म्हटलं, नंतर. भिंतीला हात लावले. म्हणणारा आता मीच. शेवटचं शील तिच्यासारखं सावकाश म्हटलं. टाचेवर नजर ठेवायला कोणी नव्हतं, तरी टाच उचलली नाही. पुनवेला अजून आठ दिवस होते. मला विहारात न्यायला मुलानं मोटरसायकल बाहेर काढली. त्याला म्हटलं, "ठेव रं आत." आणि विहाराच्या वाटेला लागलो.